जादूचं दुकान आणि शाळेतलं कुलूपबंद कपाट



या वेळी पाठ नाही की उपक्रम नाही. एका चित्रपटाबद्दल लिहायचं आहे, आणि त्या निमित्ताने आपल्या शाळांमधल्या एका कपाटाबद्दल.

चित्रपटाचं नाव ‘मिस्टर मॅगोरियम्स वंडर एम्पोरियम’. २००७ साली आलेला इंग्रजी चित्रपट, साधारण दीड तासाचा. लेखक-दिग्दर्शक झॅक हेल्म. जादूच्या खेळण्यांच्या दुकानाची गोष्ट आहे. आला तेव्हा समीक्षकांनी त्याचं फार कौतुक केलं नव्हतं. मोठी माणसं बघतात आणि म्हणतात, छान आहे, पण पोरखेळ आहे. माझं मत असं, की मुलांच्या आधी तो आपण बघायला हवा. आपण म्हणजे ज्यांच्या हातात खेळण्यांच्या कपाटाची चावी असते ती माणसं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. मॅगोरियम नावाचा म्हातारा (डस्टिन हॉफमनने हे काम फार मजेत केलंय) खेळण्यांचं दुकान चालवतो. वय २४३ वर्षं. दुकानातली खेळणी जिवंत असतात. एक मोठं पुस्तक आहे, त्यात नाव काढलं की ते खेळणं समोर हजर होतं. एका दाराची तबकडी फिरवली की दरवेळी वेगळीच खोली उघडते. मॅगोरियम ठरवतो की आता आपलं झालं, आता निघायचं. दुकान सोपवायचं मॉली महोनीवर. ही तेवीस वर्षांची मुलगी लहानपणी पियानो वाजवण्यात फार हुशार म्हणून नावाजलेली होती, पण आता स्वतःची एक रचना तिला पुरी करता येत नाही. सगळी कागदपत्रं नीट लावायला मॅगोरियम हेन्री नावाचा एक अकाउंटंट नेमतो. हा शब्द म्हाताऱ्याने कधी ऐकलेलाच नसतो. तो आपला अर्थ लावतो, ‘काउंट’ करणारा ‘म्युटंट’, म्हणजे मोजणारा कुणीतरी विचित्र प्राणी, आणि शेवटपर्यंत त्याला म्युटंटच म्हणतो. शिवाय एरिक नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आहे. खूप टोप्या जमवलेल्या, मित्र मात्र एकही नाही.

मालक जाणार हे कळल्यावर दुकान रुसतं. भिंती करड्या पडायला लागतात, खेळणी हट्टाला पेटतात. आमच्या तिसरी-चौथीच्या मुलांना चित्रपट दाखवताना मी मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगत होते, पण इथे काही सांगावंच लागलं नाही. एक जण लगेच म्हणाला, “बाई, दुकान रुसलं!” इमारत रुसते हे मोठ्यांना समजावून सांगावं लागेल, त्यांना नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. दुकानात एवढी उडणारी, नाचणारी, बोलणारी खेळणी असताना मॅगोरियम महोनीला भेट काय देतो? एक लाकडी ठोकळा. काँग्रिव्ह क्यूब म्हणतात त्याला. चौकोनी, साधा, बटण नाही, चाक नाही, रंग नाही. तो काय करतो हेही सांगत नाही. आमच्या वर्गातून लगेच नाराजी आली, “एवढा म्हातारा, एवढं मोठं दुकान, आणि देऊन देऊन ठोकळा दिला?” महोनीलाही तेच वाटतं. पुढे हाच ठोकळा दुकानभर उडतो, पण कधी, तर तिचं चित्त त्याच्यात लागल्यावर. आणि तो उडताना पहिल्यांदा कोण पाहतं? हेन्री. तोवर आकडे सोडून दुसरं काही न पाहिलेला माणूस, बिचारा चक्कर येऊन पडतो.

या ठोकळ्यासाठी मला हा चित्रपट आवडतो. बाकीची जादू डोळ्यांना सुखावते, पण ती कॉम्प्युटरची करामत आहे आणि काही ठिकाणी जरा जास्तच चकचकीत झाली आहे. ठोकळ्यात मात्र खेळण्याबद्दलचं खरं काहीतरी आहे. खेळण्याने जेवढं कमी करावं, तेवढं मुलाला जास्त करावं लागतं.

ही कसोटी आमच्याकडच्या खेळण्यांना लावून बघा. आमची शाळा ओझरजवळची, लहानशी, द्विशिक्षकी. ओझर म्हणजे अष्टविनायकातला विघ्नहर. लेण्याद्रीचा गिरिजात्मजही आमच्याच जुन्नर तालुक्यात, त्यामुळे भाविकांच्या गाड्या सहसा दोन्ही देव करूनच जातात. चतुर्थीला गर्दी असतेच, अंगारकीला तर विचारू नका. देवळाच्या वाटेवर हार-दुर्वा, पेढे, प्रसादाचे पुडे, आणि त्यात खेळण्यांची दुकानं. आमची पोरं आईबापांबरोबर जातात आणि हट्ट करून काहीतरी घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी मी विचारते, काय आणलं? बॅटरीवर पळणारी गाडी, दिवे लागणारी बंदूक, फोनसारखा दिसणारा गाणी वाजवणारा डबा. बटण दाबलं की खेळणं खेळतं आणि मूल बघत बसतं. सेल संपला की तेही संपलं. त्याच दुकानांत भिंगरी, डमरू, भातुकलीही टांगलेली असते. ती उचलणारा पालक क्वचित भेटतो. दुकानदारांना मी दोष देत नाही हं. आपण जे मागतो तेच ते टांगतात.

आणि एवढं महागाचं आणल्यावर ते जातं कुठे? शोकेसमध्ये. आपल्याकडे घर बांधलं की समोरच्या खोलीत शोकेस आलीच. त्यात बाहुली प्लॅस्टिकच्या कागदासकट उभी, गाडी खोक्यासकट. वरून “हात लावू नको, मोडेल.” गृहभेटीला गेले की पाहुण्यांना चहा आणि मुलांच्या खेळण्यांचं दर्शन होतं. मूल मात्र अंगणात खडे मांडून बसलेलं असतं.

घरी जी शोकेस, तेच शाळेत कपाट. आता शिक्षक बंधू-भगिनींनी जरा सरळ बसून वाचावं.

आपल्या शाळांमध्ये साहित्य येत नाही असं आता म्हणता येणार नाही. गणित पेटी आली, एकक-दशकांचे ठोकळे आले, भाषेची कार्डं आली, कोडी आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये खेळण्यांतून आणि खेळातून शिकण्याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एनसीईआरटीने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळणी, बाहुल्या, कोडी, गोष्टींची पुस्तकं असा संच तयार केला, आणि नाव काय दिलं, तर ‘जादुई पिटारा’. म्हणजे सरकारने जादूचं दुकानच पेटीत घालून दिलं म्हणा ना!

पण पेटी आली की पहिल्यांदा काय उघडतो आपण? रजिस्टर. जडसंग्रह नोंदवही, बोलीभाषेत डेडस्टॉक. अनुक्रमांक, वस्तूचं नाव, नग, किंमत, शेरा. मग पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. वर्षातून एकदा तपासणीला पेटी बाहेर येते, नग मोजले जातात, भरले की सगळे सुटकेचा श्वास सोडतात. अशा तऱ्हेने कितीतरी शाळांमध्ये दहा वर्षांपूर्वीचे ठोकळे आजही नवेकोरे आहेत, कोपरेसुद्धा घासलेले नाहीत. डेडस्टॉक या शब्दातला ‘डेड’ आपण फारच मनावर घेतला आहे.

इथे शिक्षकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर तो अन्याय होईल. कुलूप कुणी हौसेने लावत नाही. बदली झाली की चार्ज द्यावा लागतो. नग कमी भरले तर नवीन येणारा सही करायला का-कू करतो, आणि त्याचंही चुकत नाही, कारण उद्या त्यालाच विचारणार. मोडलेली वस्तू रजिस्टरमधून कमी करायची तर निर्लेखनाची प्रक्रिया, तिच्या फेऱ्या. पन्नास रुपयांच्या ठोकळ्यासाठी कोण तालुक्याला खेपा घालणार? त्यापेक्षा मुलांच्या हाती न दिलेलं बरं, असं शहाण्या माणसालाही वाटतं. चित्रपटातला हेन्रीही वाईट माणूस नाहीच. तो प्रामाणिक आहे, कामसू आहे. त्याला फक्त एवढंच शिकवलंय की जे कागदावर आहे ते आहे. एरिक त्याच्या काचेच्या दारापलीकडे उभा राहून चिठ्ठ्या लिहून दाखवतो, खेळायला येतोस का विचारतो, तेव्हा तो गडबडून जातो, कारण खेळण्यासाठी त्याच्या कागदात रकानाच नाही.

म्हणून माझं म्हणणं चांगल्या-वाईट शिक्षकांबद्दल नाही, रकान्याबद्दल आहे. खेळणं ही खुर्ची-टेबलासारखी टिकवायची वस्तू नाही, ती खडूसारखी झिजायची वस्तू आहे. खडू संपला म्हणून कुणी स्पष्टीकरण मागत नाही, उलट संपला नाही तर विचारावं, फळ्यावर लिहिता की नाही? ठोकळ्यांना, कार्डांना, बाहुल्यांना हाच न्याय का नको? तपासणीला येणाऱ्या साहेबांनी “किती नग आहेत?” याऐवजी “किती मोडले, कशाने मोडले?” असं विचारलं तर पुढच्या आठवड्यात निम्मी कपाटं उघडतील. साहेबांचा प्रश्न बदलला की आपलं सगळं बदलतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, एवढं काय त्या खेळण्यांचं? आमच्या लहानपणी कुठे पेट्या होत्या? आम्ही चिपाडाच्या बैलगाड्या केल्या, विटी-दांडू खेळलो, सागरगोटे झेलले, शिकलोच ना. खरं आहे. पण तुमच्या लहानपणी तुम्ही संध्याकाळी बाहेर होतात.

जुन्नर-आंबेगावच्या बाहेरच्या वाचकांसाठी हे जरा सविस्तर लिहायला हवं. आमच्याकडे धरणांचं पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. तो आता जंगलातून चुकून आलेला पाहुणा राहिलेला नाही, उसातच जन्मतो, उसातच वाढतो. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, सहली नेतो आपण तिकडच्या भागात. पण ऊस वस्तीला लागून असतो. शेळ्या, कालवडी, कुत्री जातात, आणि या पट्ट्यात लहान मुलांचेही जीव गेले आहेत. त्यावर इथे जास्त लिहवत नाही. परिणाम एवढाच सांगते, की दिवस कलला की आई पोराला आत घेते आणि दार लावते. तिने तेच करायला हवं. लगोरी, आबाधोबी, लपंडाव हे सगळे दिवेलागणीचे खेळ होते. ते वस्त्यांवरून जवळजवळ गेले. वस्तीवर घरं लांबलांब, शेजारच्या घरी पोराला एकटं पाठवता येत नाही. मग संध्याकाळी साडेपाच-सहापासून झोपेपर्यंत मूल चार भिंतींत. आई स्वयंपाकात, बाप गोठ्यात नाहीतर कांद्या-टोमॅटोच्या धावपळीत. मुलाच्या हातात काय उरतं?

मोबाईल. बटण दाबलं की खेळणाऱ्या खेळण्यांचा राजा.

मी मोबाईलवर चिडून लिहिणार नाही, ते लिहून झालंय सगळ्यांचं. फक्त एवढंच विचारते, की दाराआड बसलेल्या मुलाच्या हातात दुसरं काही दिलंय का आपण? शोकेसला काच, कपाटाला कुलूप, दाराला कडी. “मोबाईल सोड” म्हणताना “हे धर” म्हणायला आपल्याकडे काही असायला हवं की नको? शाळेच्या कपाटातले ठोकळे संध्याकाळी मुलांच्या घरी जायला हवेत, वाचनालयाची पुस्तकं जातात तसे. हे मला फार गरजेचं वाटायला लागलं आहे, आणि त्याचं कारण धोरण नाही, बिबट्या आहे.

मुलं काय करू शकतात हे पाहायचं असेल तर मधल्या सुट्टीत या. आमच्या भागाचा जीव बैलगाडा शर्यतीत. मध्ये काही वर्षं न्यायालयाच्या बंदीमुळे शर्यती थांबल्या होत्या, २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि गावोगावचे घाट पुन्हा जागे झाले. आमच्या पोरांनी झाडाखाली मातीचा उतार करून घाट बांधला आहे. बैल म्हणजे दगड, पुढची घोडी म्हणजे काडेपेटी, गाडा म्हणजे टोमॅटोच्या फुटक्या क्रेटचा तुकडा. एक जण निवेदक. त्याचं “भिर्रर्र” ऑफिसपर्यंत ऐकू येतं. एकीच्या हातात विटेचा तुकडा, ते म्हणे घड्याळ. प्रत्येक बारी झाली की ती सेकंद जाहीर करते. एकदा तिने एका बारीला अकरा पूर्णांक नऊ आणि दुसरीला अकरा पूर्णांक बारा सांगितलं. भांडण! एक गट म्हणे नऊ कमी म्हणून पहिली बारी जिंकली. दुसरा गट म्हणे, नाही, खऱ्या शर्यतीत अकरा-नव्वद आणि अकरा-बारा असतं, तर बाराचीच जिंकली. दशांश अपूर्णांक पाचवीत येतात, ही मुलं तिसरी-चौथीची. मी पेटीतले दशकाचे दांडे आणि सुटे ठोकळे तिथे घाटावरच नेले. एक सेकंद म्हणजे दहा दांड्यांची चटई, एक दांडा म्हणजे दहावा भाग, एक सुटा ठोकळा म्हणजे शंभरावा. नऊ दांडे आणि बारा सुटे शेजारी मांडले. नऊ दांड्यांची रास मोठी दिसली आणि ज्यांची बारी त्यांनी गुलाल म्हणून माती उधळली. ठोकळे मातीत, काही मुलांच्या खिशात. शाळा सुटताना मोजायला मला वेळ नव्हता.

या दगडांचे बैल होतात ते दगड काहीच करत नाहीत म्हणून. बॅटरीचा बैल आणून दिला असता तर घाट बांधायची गरजच पडली नसती.

आमच्यापासून जवळच खोडदला जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या नारायणगाव-खोडदच्या शिवारात पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी त्या तबकड्या भरीव पत्र्याच्या न करता ताणलेल्या दोरांवर बारीक तारांची जाळी बसवून केल्या, म्हणून त्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. दोर आणि जाळी! मुलांना हे सांगितलं की ती लगेच सायकलच्या रिंगेला सुतळी ताणून बघतात. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे विद्यार्थ्यांचं विज्ञान प्रदर्शन भरतं आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या शाळा जातात. फार चांगला उपक्रम आहे. पण आपण तिथे काय मांडतो? अनेक टेबलांवर बाजारातून आणलेली किंवा पालकांनी रात्र जागून चिकटवलेली थर्माकोलची मॉडेलं. मूल शेजारी उभं राहून पाठ केलेलं सांगतं. “हात लावू नका” असा कागदही असतो कधीकधी. विज्ञानाच्या प्रदर्शनातही शोकेस. ज्या टेबलावर एखादी वेडीवाकडी, अर्धवट चालणारी वस्तू असते तिथे मी मुद्दाम थांबते, कारण ती बहुतेक मुलाने स्वतः केलेली असते आणि ती का चालत नाही हे त्याला ठाऊक असतं.

हा विचार काही माझा नवा नाही. ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या तेव्हा माँटेसरीची महाग साधनं परवडणारी नव्हतीच. त्यांनी खडे, बिया, शंख-शिंपले, पानं घेतली आणि त्यांचीच साधनं केली. हरवलं तर पुन्हा वेचून आणायचं. जे झाडाखाली मिळतं त्याला रजिस्टर लागत नाही. पुढे अरविंद गुप्ता आले. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले, आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार कसे करायचे ते त्यांना तिथे सापडलं. नंतर पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली, आणि ती कशी करायची हे सगळ्यांना फुकट उघडं करून ठेवलं. मुलाने खेळणं मोडून पाहणं ही सर्वात चांगली गोष्ट, असं ते सांगत आले आहेत. आपण त्यांचे व्हिडिओ स्मार्ट टीव्हीवर दाखवतो, मुलांना हाताची घडी घालून बसवतो आणि उपक्रम झाला अशी नोंद करतो. हे जरा खटकतं.

आता चित्रपटाची एक न आवडलेली बाजूही सांगते. शेवटी त्याचं सांगणं असं होतं, की स्वतःवर विश्वास ठेव म्हणजे सगळं होईल. ठोकळा उडतो, दुकान पुन्हा रंगीत होतं. मुलांना हे सांगायला गोड आहे, पण अपुरं आहे. महोनीची रचना नुसत्या विश्वासाने पुरी होणार नाही, बसून वाजवावी लागेल, चुकावं लागेल, पुन्हा वाजवावी लागेल. ते चित्रपटात फारसं दिसत नाही. वर्गात मी तिथे थांबवून विचारलं, तिने आता काय करावं? उत्तर आलं, “रोज थोडं थोडं करावं.” चौथीतल्या मुलीचं उत्तर मला दिग्दर्शकापेक्षा बरं वाटलं. आणखी एक प्रश्न आला तो माझ्या कायमचा लक्षात राहील, “बाई, मग आता दुकानाच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं का?”

मॅगोरियम मरतो त्याबद्दल एका पालकांनी विचारलं, मुलांच्या चित्रपटात मरण कशाला? मला ते भाग नीट जमलेले वाटतात. त्याने आयुष्यभर पुरतील एवढे बूट एकदाच घेऊन ठेवलेले असतात आणि आता शेवटचा जोड पायात आहे, एवढ्या साध्या रीतीने ते सांगितलं आहे. आपल्या मुलांनी आजोबा गेलेले पाहिले आहेत, गोठ्यातली कालवड गेलेली पाहिली आहे. मरण नाही असं दाखवलं तर तीच आपल्याला हसतील. चित्रपट दाखवायचा तर एका बैठकीत नको, तीन दिवसांत दाखवा, आणि भाषेसाठी मध्ये थांबत चला.

पालकांना माझं सांगणं छोटं आहे. शोकेस उघडा. मोडलेली गाडी फेकू नका, स्क्रू-ड्रायव्हरसकट मुलाला द्या, सेल तेवढे काढून घ्या. फुटका क्रेट, पुठ्ठ्याचं खोकं, चिंध्या, दोरा एका पोत्यात ठेवा आणि संध्याकाळी दार लावलं की ते पोतं मधोमध रिकामं करा. पसारा होईल. होऊ दे. ओझरला गेलात तर भिंगरी घ्या, ती फिरवायला पळावं लागतं.

आणि शिक्षकांसाठी, आम्ही काय केलं ते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत साहित्य पेटीचा विषय घेतला. वापरताना झिजलेलं, मोडलेलं, हरवलेलं साहित्य वर्षाअखेर समितीपुढे मांडून नोंदवायचं, असा ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कायद्याने निर्लेखनाची जागा तो घेत नाही, पण चार्ज देताना मागे एक कागद असतो, आणि तेवढ्यानेही धीर येतो. शिवाय सुताराकडून उरलेल्या लाकडाचे तुकडे पोतंभर आणले. फुकट दिले त्याने. मुलांनी ते पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केले. त्यांची कुठेच नोंद नाही. शुक्रवारी दोन-दोन ठोकळे घरी जातात, सोमवारी त्यांचं काय केलं ते सांगायचं. कुणी गोठा केला, कुणी फोन केला, एकाने धाकट्या भावाला मारला (तेही सांगितलं).

कपाटाची चावी सध्या चौथीतल्या दोघींकडे असते. गेल्या महिन्यात त्यांनी पेटी मोजली, सात सुटे ठोकळे कमी भरले. तीन घाटाच्या मातीत सापडले. एक दप्तराच्या तळाशी होता. तिघांचा पत्ता अजून लागलेला नाही, आणि त्यांनी वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आहे, “खेळायला गेलेत.”